प्रकल्पाचे दस्तऐवजीकरण आणि सादरीकरण

घटक ४

अनुक्रम
४.० उद्दिष्टे
४.१ प्रास्ताविक
४.२ विषय-विवेचन
४.२.१ दस्तऐवजीकरण म्हणजे काय?
४.२.२ क्षेत्रातील नोंद
४.२.३ ध्वनिमुद्रण आणि लिप्यंकन
४.२.४ माहितीदाराची संमती आणि श्रेय
४.२.५ नोंदीपासून निष्कर्षापर्यंत
४.२.६ अहवालाची मांडणी
४.२.७ मौखिक सादरीकरण
४.३ सारांश
४.४ पारिभाषिक शब्द
४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे
४.६ स्वाध्याय
४.७ क्षेत्रीय कार्य

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –
• दस्तऐवजीकरणाचे स्वरूप व प्रयोजन स्पष्ट करता येईल.
• क्षेत्रात मिळालेल्या माहितीची शिस्तशीर नोंद ठेवता येईल.
• बोलीतील निवेदनाचे विश्वसनीय लिप्यंकन करता येईल.
• माहिती, तिचा अर्थ आणि आपले अनुमान यांतील भेद राखून निष्कर्ष मांडता येतील.
• प्रकल्पाचा अहवाल लिहिता येईल आणि परीक्षकांसमोर तो सादर करता येईल.

४.१ प्रास्ताविक

'रक्ताच्या थारोळ्यात पडला होता' ही शब्दयोजना आपण वृत्तपत्रात अनेकदा वाचली असेल. त्यातील 'थारोळे' म्हणजे मुळात काय, असे विचारले तर बहुतेकांना थांबावे लागते. विहिरीतून मोटेने वर काढलेले पाणी ज्या बांधीव टाक्यात पडत असे आणि तेथून पाटाने शेतात जात असे, ते थारोळे. मोट गेली, थारोळे कोरडे पडले, आणि हा शब्द अपघात व खून यांच्या बातम्यांपुरता उरला.

१९६० नंतरच्या दशकांत महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत तेलावरचे इंजिन आणि वीजपंप पसरले व मोटा बंद पडत गेल्या. ज्यांनी तरुणपणी स्वतः मोट हाकली, ती माणसे आज सत्तरी ओलांडलेली आहेत. मोटेच्या अवयवांची नावे, बैलांना दिले जाणारे इशारे आणि पाणी वाटून घेण्याची भाषा त्यांच्या तोंडी अजून आहे. त्यांतील काही शब्द कोशांत सापडतात, काही सापडत नाहीत. कोशात सापडणाऱ्या शब्दालाही एक-दोन ओळींचाच अर्थ दिलेला असतो. तो शब्द कामात कसा वापरला जाई, हे सांगणारी माणसे मात्र वर्षागणिक कमी होत आहेत.

मागील घटकांत आपण प्रकल्पाच्या विषयाची निवड आणि माहिती-संकलनाच्या पद्धती यांचा विचार केला. या घटकात आपण त्यानंतरच्या टप्प्याकडे वळू. जमवलेली माहिती कशी नोंदवावी, तिच्यावरून निष्कर्ष कसे काढावेत आणि हे सारे इतरांसमोर कसे मांडावे, हा या घटकाचा विषय आहे. विवेचनासाठी आपण एकच उदाहरण घेऊ : 'आमच्या गावातील मोटेची आणि पाणी देण्याच्या कामाची शब्दसंपत्ती'. आपला विषय ओव्यांचा, म्हणींचा, स्थलनामांचा किंवा एखाद्या व्यवसायाचा असला, तरी येथील तत्त्वे त्यालाही लागू पडतात.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ दस्तऐवजीकरण म्हणजे काय?

पुष्कळ विद्यार्थ्यांची अशी समजूत असते की, प्रकल्प पूर्ण झाल्यावर त्याचे 'लिहून काढणे' म्हणजे दस्तऐवजीकरण. ही समजूत बरोबर नाही. दस्तऐवजीकरण पहिल्या भेटीपासूनच सुरू होते. कोणती माहिती कोणाकडून, कोठे, केव्हा आणि कोणत्या परिस्थितीत मिळाली, याची अशी नोंद ठेवणे की दुसऱ्या अभ्यासकाला आपल्या प्रत्येक विधानाच्या मुळाशी जाता यावे, यास दस्तऐवजीकरण म्हणतात.

या व्याख्येतील 'दुसऱ्या अभ्यासकाला' हे शब्द महत्त्वाचे आहेत. आपला निष्कर्ष चुकू शकतो. ती मोठी हानी नव्हे, कारण नोंदी नीट असतील तर पुढचा अभ्यासक त्यांच्याच आधारे चूक दुरुस्त करील. नोंदीच चुकीच्या असतील तर दुरुस्तीला काही आधारच उरत नाही. सांगणारी व्यक्ती हयात नसेल तर ही हानी कायमची होते.

मराठीच्या अभ्यासपरंपरेत याची चांगली उदाहरणे आहेत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. ही माला पुढे बावीस खंडांपर्यंत गेली. मूळ पत्रे त्यांनी छापली आणि त्यांवरची आपली मते प्रस्तावनांत स्वतंत्रपणे मांडली. राजवाड्यांची अनेक मते नंतरच्या अभ्यासकांनी नाकारली, परंतु मते नाकारणाऱ्यांनाही ते खंड उपयोगी पडले, कारण साधन आणि मत यांची सरमिसळ झालेली नव्हती. अलीकडचे उदाहरण जात्यावरच्या ओव्यांच्या संकलनाचे आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील गावोगावी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांच्या संकलनात ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि तिचे गाव यांनाही स्थान आहे. त्यामुळे ती ओवी केवळ 'लोकपरंपरेतील एक ओवी' राहत नाही. एका विशिष्ट स्त्रीने एका विशिष्ट ठिकाणी गाइलेली ओवी म्हणून तिचा अभ्यास करता येतो.

आपला प्रकल्प या कामांच्या तुलनेत लहान असेल, परंतु कसोटी तीच आहे.

४.२.२ क्षेत्रातील नोंद

क्षेत्रात वही घेऊन बसल्यावर तीन प्रकारच्या गोष्टी एकाच वेळी आपल्यासमोर येतात :

(अ) ऐकलेले : माहितीदाराने प्रत्यक्ष उच्चारलेले शब्द.
(आ) समजलेले : त्या शब्दांचा आपल्या मते होणारा अर्थ, आपण पाहिलेली वस्तू, काढलेली आकृती.
(इ) अनुमानिलेले : त्यावरून आपल्या मनात आलेला विचार.

या तीन गोष्टी वेगळ्या ठेवणे हा या घटकाचा गाभा आहे. त्यासाठी सोपा उपाय असा की, वहीच्या पानाचे उभे तीन भाग करावेत आणि प्रत्येक गोष्ट आपापल्या रकान्यात लिहावी. उदाहरणार्थ, माहितीदार आजोबा म्हणाले, 'नाड्यावर बसायचो.' पहिल्या रकान्यात एवढेच शब्द लिहावेत. दुसऱ्या रकान्यात लिहावे : 'नाडा म्हणजे मोटेला बांधलेला जाड दोर. बैल धावेवरून खाली जाताना मोट हाकणारा त्यावर बसत असे, असे समजले.' तिसऱ्या रकान्यात : 'माणसाच्या वजनाचा बैलांना मदत म्हणून उपयोग होत असावा. पुढील भेटीत विचारणे.' तिसऱ्या रकान्यातील वाक्य 'असावा' या क्रियापदाने संपते, हे लक्षात घ्या. आजोबांनी पुढच्या भेटीत दुजोरा दिला, तर त्यांचे त्या दिवशीचे शब्द नव्या नोंदीच्या पहिल्या रकान्यात जातील. जुनी नोंद खोडून 'होत असे' असे करू नये.

प्रत्येक भेटीसाठी एक नोंदपत्र करावे. त्याचा नमुना पुढे दिला आहे. (यातील तपशील केवळ नमुन्यादाखल कल्पिलेले आहेत.)

नोंदपत्र क्रमांक : ०७
भेटीची तारीख व वेळ : भेटीच्या दिवशीच लिहावी
स्थळ : गाव, तालुका, जिल्हा, माहितीदाराच्या जुन्या विहिरीजवळ
माहितीदार : क्र. ३, पुरुष, वय सुमारे ७८, शेतकरी
विषयाशी संबंध : वयाच्या सुमारे विसाव्या वर्षापर्यंत स्वतः मोट हाकली
उपस्थित इतर व्यक्ती : माहितीदाराची पत्नी, नातू
संमती : ध्वनिमुद्रणास होकार, नाव छापण्यास होकार, छायाचित्रास नकार
ध्वनिमुद्रण : फाइल क्र. ०७-अ, सुमारे ४० मिनिटे
मिळालेले शब्द : नाडा, सोंदूर, सोंड, धाव, थारोळं
अपुरे राहिलेले : चाक ज्या आधारावर बसते त्याच्या भागांची नावे

यातील 'उपस्थित इतर व्यक्ती' हा रकाना अनेकांना अनावश्यक वाटतो. परंतु माणूस कोणासमोर बोलतो त्यावर त्याचे बोलणे अवलंबून असते. नातवासमोर आजोबा शाळेतली भाषा वापरतील आणि जुन्या सोबत्यासमोर गावची. दुसरे असे की, बहुतेक विद्यार्थी मोटेविषयी विचारण्यासाठी फक्त पुरुषांकडे जातात. मोट पुरुष हाकत असे, पण शेतात दारे धरण्याचे, म्हणजे पाण्याला एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात वळवण्याचे काम पुष्कळ घरांत स्त्रिया करीत. वरील नमुन्यातील आजोबांची पत्नी 'उपस्थित इतर' म्हणून नोंदली गेली आहे. वस्तुतः पुढचे नोंदपत्र तिचे व्हायला हवे. माहितीदारांची यादी करताना या कामाचा अर्धा भाग कोणाच्या हाती होता, हा प्रश्न स्वतःस विचारावा.

नोंदवहीतील कच्चे टिपण त्याच दिवशी, निदान दुसऱ्या दिवशी, पक्के करावे. आपणांपैकी अनेकजण नोकरी, शेती किंवा घर सांभाळून हा अभ्यास करीत आहेत, त्यामुळे 'रविवारी बसून एकदम लिहू' असा मोह होतो. चार भेटींच्या नोंदी एकत्र लिहिताना कोण काय म्हणाले यात गल्लत होते. रोजचा अर्धा तास या कामी पुरेसा आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
योग्य पर्याय निवडा.
(१) 'माणसाच्या वजनाचा बैलांना मदत म्हणून उपयोग होत असावा.' हे विधान कोणत्या रकान्यात येईल?
(अ) ऐकलेले (आ) समजलेले (इ) अनुमानिलेले
(२) दस्तऐवजीकरणाचा आरंभ केव्हा होतो?
(अ) अहवाल लिहिताना (आ) पहिल्या भेटीपासून (इ) निष्कर्ष काढल्यावर

४.२.३ ध्वनिमुद्रण आणि लिप्यंकन

आज मोबाइल फोनवर ध्वनिमुद्रण करणे सोपे झाले आहे. मुद्रणाच्या आरंभी आपण स्वतः तारीख, गाव आणि नोंदपत्राचा क्रमांक उच्चारावा, म्हणजे फाइलचे नाव बदलले तरी ओळख पुसली जात नाही. घरी आल्यावर फाइलची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. विहिरीजवळ वारा किंवा वाहत्या पाण्याचा आवाज असेल तर फोन माहितीदाराच्या जवळ ठेवावा. तांत्रिक बाजू एवढी सांभाळली तरी पुरते. खरे कष्ट त्यानंतरचे आहेत.

ध्वनिमुद्रित बोलणे जसेच्या तसे लिपीत उतरवणे यास लिप्यंकन म्हणतात. लिप्यंकन आणि शब्दांकन यांत फरक आहे. शब्दांकनात लेखक दुसऱ्याचे म्हणणे स्वतःच्या वाक्यांत मांडतो. लिप्यंकनात ती मुभा नसते. हा फरक एका कल्पित नमुन्यावरून पाहू.

लिप्यंकन : 'मंग बैलं धावंवरनं खाली गेली, का मोट वर यायची. वर आली, का सोंड थारुळ्यात पडती, न् पानी भडाभडा …'

विद्यार्थ्याने 'शुद्ध' केलेले रूप : 'नंतर बैल धावेवरून खाली गेले की मोट वर येत असे. ती वर आल्यावर सोंड थारोळ्यात पडत असे आणि पाणी वेगाने वाहत असे.'

दुसरे रूप व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, परंतु अभ्यासाच्या दृष्टीने त्यात किती हानी झाली ते पाहा. 'पानी' या रूपातील 'न'कार गेला. 'बैलं … गेली' यातील नपुंसकलिंगी अनेकवचन गेले. 'थारुळ्यात' हे स्थानिक रूप गेले. 'भडाभडा' हा अनुकरणवाचक शब्द जाऊन त्याजागी 'वेगाने' हा निर्जीव शब्द आला. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे काळ बदलला. बोलणाऱ्याने 'यायची' या भूतकाळाने सुरुवात केली आणि लगेच 'पडती' या वर्तमानावर तो आला. सांगता सांगता मोट त्याच्या डोळ्यांसमोर उभी राहिली असावी, असे ही क्रियापदे सुचवतात. निवेदनातील काळाचा हा पालट भाषाअभ्यासकासाठी मोलाचा पुरावा आहे. शुद्धीकरणाने तो पुसला, आणि वाचकाला तेथे काही होते याची शंकाही येणार नाही.

म्हणून पुढील नियम पाळावेत :

१. ऐकू आले तसे लिहावे. कोशात 'सोंदूर' असेल आणि आपण 'सोंदर' ऐकले असेल, तर 'सोंदर' लिहावे. कोशातील रूप टिपेत द्यावे.
२. देवनागरीत जे दाखवता येत नाही त्यासाठी ठरावीक खुणा योजाव्यात आणि अहवालाच्या आरंभी त्यांचा खुलासा करावा. उदा. तीन टिंबे (…) म्हणजे बोलण्यातील थांबा. चौकटी कंस [ ] म्हणजे आपण घातलेला शब्द. [अस्पष्ट] म्हणजे ऐकू न आलेला भाग.
३. न कळलेला शब्द अंदाजाने भरू नये. [अस्पष्ट] अशी खूण करणे यात कमीपणा नाही. चुकीचा शब्द भरणे हा मात्र दोष आहे.
४. आपले प्रश्नही लिहावेत. 'त्याला थारोळे म्हणतात ना?' असे विचारून मिळालेला होकार आणि 'पाणी पडायचं त्या जागेला काय म्हणायचे?' असे विचारल्यावर आपणहून आलेला शब्द यांचे मूल्य सारखे नाही. प्रश्न लिहिलेला असेल तरच वाचकाला हे कळते.

ज्या विद्यार्थ्यांची घरची भाषा बोली आहे, त्यांनी हे विशेष ध्यानी घ्यावे. शाळेत ज्या उच्चारांबद्दल आपणांस टोकले गेले, तेच उच्चार आता आपल्या हातून लिहिले जायचे आहेत. त्यांचा संकोच वाटू देऊ नये. प्रमाण भाषेत अहवाल आणि बोलीत लिप्यंकन, अशी दोन्ही रूपे एकाच प्रकल्पात सन्मानाने नांदू शकतात. बोलीची जाण हे अशा विद्यार्थ्याचे बलस्थान आहे, कारण बाहेरून आलेल्या अभ्यासकाला जे ऐकूच येत नाही ते त्याला ऐकू येते.

४.२.४ माहितीदाराची संमती आणि श्रेय

माहितीदार हा आपल्या प्रकल्पाचा सहभागी असतो. मुद्रण सुरू करण्यापूर्वी आपण कशासाठी आलो आहोत, मुद्रणाचे काय करणार आहोत आणि अहवाल कोण वाचणार आहे, हे त्याला त्याच्या भाषेत सांगावे. नाव छापण्यास, आवाज वापरण्यास आणि छायाचित्रास वेगवेगळी संमती घ्यावी. एकीस होकार म्हणजे सर्वांस होकार नव्हे.

गावाकडे 'लिही की, त्यात काय विचारायचं?' असे उत्तर मिळते. तरीही विचारावे. पाण्याच्या पाळ्यांविषयी बोलताना भाऊबंदकीतील वाद, विहिरीतील हिस्से, कोणाला कोणत्या विहिरीवर पाणी भरू दिले जात नव्हते, असे विषय सहज निघतात. बोलण्याच्या ओघात सांगितलेली गोष्ट छापलेली पाहून सांगणाऱ्याला गावात त्रास होऊ शकतो. असा भाग अहवालात घ्यावयाचा असेल तर पुन्हा विचारावे, आणि व्यक्तीऐवजी क्रमांक द्यावा.

प्रकल्प पूर्ण झाल्यावर लिप्यंकनाची प्रत माहितीदाराला नेऊन द्यावी. त्याला वाचता येत नसेल तर वाचून दाखवावी. 'मी असं नव्हतो म्हणालो' हे त्याचे वाक्य आपल्या परीक्षकाच्या शेऱ्याहून अधिक उपयोगाचे ठरते.

४.२.५ नोंदीपासून निष्कर्षापर्यंत

नोंदी जमल्या, त्यांचे वर्गीकरण झाले, की निष्कर्षाचा टप्पा येतो. येथे दोन चुका वारंवार होतात.

पहिली चूक : माहितीदाराचे स्पष्टीकरण आपला निष्कर्ष म्हणून लिहिणे. समजा, एका माहितीदाराने सांगितले की, निवडणुकीत 'पक्षांची मोट बांधली' असे म्हणतात, तो शब्दप्रयोग विहिरीवरच्या मोटेवरूनच आला. हे ऐकायला पटते. आपल्या प्रकल्पाला ते सोयीचेही असते. परंतु कोश पाहिला तर 'मोट' या शब्दाचा गाठोडे असाही अर्थ मिळतो, आणि वेगवेगळ्या वस्तू एकत्र बांधण्याची कल्पना त्या अर्थाशी अधिक जुळते. याउलट 'रक्ताचे थारोळे' या प्रयोगाचा संबंध साचलेल्या पाण्याच्या जागेशी सहज लागतो. म्हणजे एकाच कामातील दोन शब्दांपैकी एकाबाबतची समजूत टिकते आणि दुसऱ्याबाबतची टिकत नाही. ऐकताना दोन्ही सारखीच खरी वाटतात. म्हणून पडताळणी करावी लागते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) आणि दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' हे दोन कोश अशा कामी अवश्य पाहावेत. माहितीदाराने सांगितलेली व्युत्पत्ती मात्र टाकून देऊ नये. शब्दाच्या उगमाविषयी लोक काय मानतात याचा, म्हणजे लोकव्युत्पत्तीचा, ती पुरावा आहे. 'माहितीदार क्र. ३ यांच्या मते' असे लिहून ती द्यावी.

दुसरी चूक : पुराव्याहून मोठे विधान करणे. समजा, आपल्या सहा माहितीदारांच्या नोंदींत असे दिसले की, नाडा, सोंदूर, धाव हे शब्द केवळ वृद्धांना ठाऊक आहेत, तर पाट, वाफा आणि 'दारे धरणे' हे शब्द तरुणही रोज वापरतात. यावरून पुढील तीन विधाने करता येतील :

(क) 'मराठीतील शेतीचे जुने शब्द नष्ट होत आहेत.'
(ख) 'आमच्या गावात मोटेचे शब्द नष्ट झाले.'
(ग) 'आमच्या गावातील सहा माहितीदारांच्या बोलण्यात, पाणी विहिरीतून वर काढण्याच्या साधनाचे शब्द वृद्धांपुरते उरले आहेत. पाणी शेतात फिरवण्याच्या कामाचे शब्द मात्र सर्व वयोगटांत आढळतात. मोटेची जागा पंपाने घेतली, परंतु पाटाने पाणी देण्याचे काम चालू राहिले, हे याचे कारण असावे.'

विधान (क) फारच व्यापक आहे. सहा माणसांवरून मराठीविषयी बोलता येत नाही. विधान (ख) अर्धवट आहे. वृद्धांना ते शब्द अजून आठवतात. विधान (ग) लांबट वाटले तरी तेच योग्य आहे. त्यात पुराव्याची मर्यादा सांगितली आहे, आढळलेली वस्तुस्थिती आणि तिचे कारण वेगळे ठेवले आहे, आणि कारणापुढे 'असावे' म्हटले आहे. शिवाय त्यातून पुढचा प्रश्न निघतो : ज्या शेतात ठिबक सिंचन आले आहे, तेथे दारे धरण्याचे कामच उरत नाही. मग त्या घरातील तरुणांच्या तोंडी हा शब्दप्रयोग आहे काय? चांगला निष्कर्ष असा पुढील प्रश्नाचे दार उघडतो.

आपल्या अपेक्षेविरुद्ध जाणारी नोंद लपवू नये. एखाद्या तरुणाला 'सोंदूर' ठाऊक असेल तर तो का ठाऊक आहे, हे शोधावे. कदाचित त्याच्या घरी मोटेचे जुने साहित्य अजून जपून ठेवलेले असेल. अपवादाचे कारण सांगता आले तर निष्कर्ष अधिक बळकट होतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) लिप्यंकन आणि शब्दांकन यांतील मुख्य फरक कोणता?
(२) माहितीदाराने सांगितलेल्या व्युत्पत्तीची अहवालात कशी नोंद करावी?
(३) वरील तीन विधानांपैकी (ग) हे विधान अधिक ग्राह्य का?

४.२.६ अहवालाची मांडणी

अहवालाचा साचा सामान्यतः ठरलेला असतो : मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका, विषयाची ओळख व उद्दिष्टे, अभ्यासपद्धती, माहितीचे सादरीकरण व विश्लेषण, निष्कर्ष, संदर्भसूची आणि परिशिष्टे. विद्यापीठाने दिलेल्या सूचनांप्रमाणे हा क्रम पाळावा. येथे केवळ तीन गोष्टींकडे लक्ष वेधावयाचे आहे.

एक, 'अभ्यासपद्धती' या प्रकरणात पुस्तकी व्याख्या भरू नयेत. आपण किती जणांना भेटलो, त्यांची निवड कशी केली, कोण भेटू शकले नाही आणि कोणत्या अडचणी आल्या, हे लिहावे. फक्त स्वतःच्या नात्यागोत्यातील माणसांना भेटलो असू, तर तेही स्पष्ट लिहावे.

दोन, विश्लेषणातील प्रत्येक शब्दापुढे किंवा अवतरणापुढे नोंदपत्राचा क्रमांक द्यावा. उदा. 'सोंदूर : मोटेच्या सोंडेला बांधलेला बारीक दोर (नोंदपत्र ०७)'. वाचक परिशिष्टातील सातव्या नोंदपत्राकडे गेला की त्याला तो शब्द कोणी, कोणत्या वाक्यात वापरला हे दिसले पाहिजे. मोटेसारख्या साधनाबाबत नावे दाखवणारी हाताने काढलेली एक आकृती दोन पानांच्या वर्णनाहून अधिक सांगते.

तीन, परिशिष्ट हा अहवालाचा सर्वांत टिकाऊ भाग होय. निष्कर्षांची भाषा काही वर्षांनी जुनी होईल, पण नोंदपत्रे आणि लिप्यंकने तेव्हाही वापरात येतील. म्हणून पाने कमी करावयाची झाली तर विषयाच्या ओळखीतील ऐकीव माहिती कमी करावी, परिशिष्ट कापू नये.

४.२.७ मौखिक सादरीकरण

अभ्यासकेंद्रावर सादरीकरणास साधारणतः दहा-पंधरा मिनिटे मिळतात. या वेळात संपूर्ण अहवाल वाचून दाखवणे शक्य नसते आणि अपेक्षितही नसते. पुढील क्रम उपयोगी पडतो :

• आरंभी एका शब्दावरून किंवा एका प्रसंगावरून विषयात प्रवेश करावा.
• कोणत्या प्रश्नाचा शोध घेतला, ते एका वाक्यात सांगावे.
• किती व कोणत्या माहितीदारांकडून माहिती घेतली, ते थोडक्यात सांगावे.
• दोन किंवा तीन नोंदी तपशिलाने मांडाव्यात. संमती असल्यास मुद्रणाचा अर्ध्या मिनिटाचा भाग ऐकवावा व त्याचे लिप्यंकन दाखवावे.
• निष्कर्ष आणि त्याची मर्यादा सांगून थांबावे.

पडद्यावर किंवा तक्त्यावर मोजकाच मजकूर असावा, आणि तोच मजकूर वाचून दाखवू नये. वीज किंवा यंत्र ऐनवेळी बंद पडू शकते. आकृतीचा एक कागदी तक्ता बरोबर असावा.

प्रश्नोत्तरांची पुष्कळांना धास्ती वाटते. ज्या विद्यार्थ्याने तीन रकाने वेगळे ठेवले आहेत त्याला ती वाटण्याचे कारण नाही. 'हे तुम्ही कशावरून म्हणता?' या प्रश्नाला तो नोंदपत्र उघडून उत्तर देऊ शकतो, किंवा 'हे माझे अनुमान आहे, त्याला अद्याप पुरावा नाही' असे शांतपणे सांगू शकतो. दोन्ही उत्तरे अभ्यासकाला शोभणारी आहेत.

४.३ सारांश

दस्तऐवजीकरण ही प्रकल्पाच्या पहिल्या भेटीपासून चालणारी प्रक्रिया आहे. ऐकलेले, समजलेले आणि अनुमानिलेले या तिन्हींत भेद राखणे हा तिचा पाया होय. लिप्यंकन करताना माहितीदाराची बोली शुद्ध करू नये. शुद्धीकरणाने पुरावा नाहीसा होतो. संमती आणि श्रेय हा माहितीदाराचा हक्क आहे. निष्कर्ष पुराव्याच्या मर्यादेत असावेत आणि त्यांच्या मुळाशी जाण्याची वाट अहवालात खुली असावी. सादरीकरणात ही वाट श्रोत्यांना दाखवायची असते.

४.४ पारिभाषिक शब्द

माहितीदार : अभ्यासविषयाची माहिती स्वतःच्या अनुभवातून देणारी व्यक्ती.
नोंदपत्र : एका भेटीतील माहितीचा क्रमांकित, तारीखवार तपशील.
लिप्यंकन : ध्वनिमुद्रित बोलणे जसेच्या तसे लिपीत उतरवणे.
लोकव्युत्पत्ती : शब्दाच्या उगमाविषयी समाजात रूढ असलेले, शास्त्रीय आधार असेलच असे नाही असे स्पष्टीकरण.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (१) – इ, (२) – आ.

प्रश्न २ : (१) लिप्यंकनात माहितीदाराचे शब्द जसेच्या तसे येतात, तर शब्दांकनात ते लेखकाच्या भाषेत येतात. (२) ती माहितीदाराचे मत म्हणून, त्याच्या निर्देशासह नोंदवावी व कोशांवरून पडताळावी. (३) त्यात पुराव्याची मर्यादा सांगितलेली असून वस्तुस्थिती आणि अनुमान वेगळे ठेवले आहेत.

४.६ स्वाध्याय

१. 'चुकीच्या निष्कर्षापेक्षा चुकीची नोंद अधिक हानिकारक असते.' या विधानाचा सोदाहरण परामर्श घ्या.
२. बोलीतील निवेदनाचे लिप्यंकन करताना घ्यावयाची काळजी विशद करा.
३. टिपा लिहा : (अ) माहितीदाराची संमती (आ) परिशिष्टाचे महत्त्व

४.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या घरातील किंवा शेजारातील एका वयस्क व्यक्तीला, तिने तरुणपणी केलेल्या आणि आज बंद पडलेल्या एखाद्या कामाविषयी अर्धा तास बोलते करा. संमती घेऊन मुद्रण करा. त्यातील पाच मिनिटांच्या भागाचे लिप्यंकन करा आणि तीन रकान्यांचे एक नोंदपत्र तयार करा. लिप्यंकन त्या व्यक्तीला वाचून दाखवा, तिने सुचवलेल्या दुरुस्त्या वेगळ्या शाईने नोंदवा आणि पुढील संपर्कसत्रात आपल्या समंत्रकांना दाखवा. हे काम पुढे ढकलू नये. अहवाल लिहिण्यासाठी सत्र संपेपर्यंत अवधी आहे. सांगणाऱ्या व्यक्तीकडे तो असेलच असे नाही.